रिकोव्हर यांचा धाक आणि रिकोव्हर यांची पद्धत

प्रश्न असा आला आहे: अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांना एकीकडे अणुपाणबुड्यांचे जनक म्हणतात आणि दुसरीकडे त्यांच्या हाताखाली राबलेले कितीतरी अधिकारी त्यांना छळवादी हुकूमशहा म्हणतात. मग नेता म्हणून त्यांच्याकडे कसं पाहायचं? कारखान्यात किंवा प्रकल्पावर माणसं सांभाळणाऱ्याने त्यांच्याकडून काही घ्यावं का?

माझ्या मते रिकोव्हर यांच्या नावावर लोक एका दमात तीन निरनिराळ्या गोष्टींवर भांडतात. पहिली त्यांचा स्वभाव. तो वाईट होता आणि यावर त्यांच्या चाहत्यांचंही दुमत नाही. दुसरी गोष्ट त्यांनी अणुभट्ट्यांसाठी बसवलेली कामाची पद्धत, जिच्या तोडीचं फार थोडं काही इंजिनियरिंगच्या जगात सापडतं. तिसरी गोष्ट अशी की भट्टीवरची पकड त्यांनी हळूहळू 'नौदलाने कोणती जहाजं बांधावीत' इथपर्यंत नेली. खरा वाद या तिसऱ्या गोष्टीत आहे आणि चर्चेत नेमकी तीच मागे पडते, कारण मुलाखतीच्या खुर्चीचे पाय कापल्याचे किस्से सांगायला जास्त मजा येते.

कारकीर्द आधी झरझर सांगतो. जन्म 1900 चा, रशियन अमलाखालच्या पोलंडमधल्या माकोव्ह गावी, ज्यू शिंप्याच्या घरात. कुटुंब लहानपणीच अमेरिकेत आलं आणि शिकागोत स्थिरावलं. 1922 मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले. 1929 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर काही वर्षं 'एस-48' सारख्या जुन्या पाणबुड्यांवर काढली, पण पाणबुडीचं कप्तानपद कधीच मिळालं नाही. 1937 मध्ये चीनच्या किनाऱ्यावर 'फिंच' नावाचं एक जुनाट जहाज थोडे महिने हाताखाली आलं, तेवढंच. मग ते निव्वळ इंजिनियरिंगच्या शाखेत गेले. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या जहाज विभागात वीज शाखेचे प्रमुख होते. जवळ स्फोट झाला की नुसत्या हादऱ्याने सर्किट ब्रेकर पडायचे आणि धड जहाज अंधारात जायचं. असली दुखणी हुडकून कंत्राटदारांकडून नवे भाग करून घेणं हे त्यांचं काम. युद्धातून आलेल्या तुटक्या सामानावरून बिघाडाचं मूळ शोधायची सवय इथली, आणि पुढची सगळी पद्धत त्याच सवयीतून वाढली आहे.

1946 मध्ये ते काही अधिकाऱ्यांसोबत ओक रिजच्या अणुकेंद्रात शिकायला गेले. 1949 पर्यंत त्यांनी जी व्यवस्था पदरात पाडून घेतली ती समजल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. नौदलाच्या जहाज विभागातल्या अणुशाखेचे ते प्रमुख झाले आणि त्याच वेळी अणुऊर्जा आयोग या नागरी संस्थेतल्या नौदल-अणुभट्टी शाखेचेही प्रमुख झाले. एक माणूस, दोन टोप्या. नौदलाने सांगितलं की चाचणी उरका, जहाजाची तारीख चुकते आहे, तर हे आयोगाची टोपी घालून 'सुरक्षेला आमची मान्यता नाही' असं कळवणार. आयोगात कुणी संशोधनाच्या नावाखाली वेळ काढू लागलं की नौदलाची टोपी घालून तारीख मागणार. एका टोपीतून दुसऱ्या टोपीला पत्र लिहून त्याला मंजुरीचं उत्तरही स्वतःच देत, असं सांगतात. सरकारी कामाची ज्यांना सवय आहे त्यांना यातली ताकद लगेच उमगेल. फाईल अडते ती दोन खात्यांच्या मधल्या जागेत, आणि इथे मधली जागाच उरली नव्हती.

भट्टीची निवडही पाहण्यासारखी आहे. दोन पर्याय समांतर चालले होते: दाबाखालचं पाणी आणि वितळलेला सोडियम. कागदावर सोडियम सरस होता, कारण तो उष्णता उत्तम वाहतो, दाब कमी लागतो आणि वाफ जास्त तापमानाची मिळते. पाण्याच्या भट्टीत दाब वातावरणाच्या शंभर पटींहून जास्त ठेवावा लागतो. पण पाण्याचे गुण शंभर वर्षांच्या बॉयलरकामातून माहीत होते आणि त्यात एक मोठी सोय होती. पाणबुडीने वेग वाढवला की टर्बाइन जास्त वाफ ओढतं, भट्टीकडे परतणारं पाणी थोडं थंड होतं, म्हणजे घट्ट होतं. घट्ट पाणी न्यूट्रॉनचा वेग जास्त चांगला कमी करतं, संथ न्यूट्रॉन इंधनाचे अणू जास्त सहज फोडतात आणि भट्टीची शक्ती आपोआप वाढते. वेग कमी केला की उलट घडतं. नियंत्रण दांड्यांना (न्यूट्रॉन गिळून भट्टी आवरणारे दांडे) हात न लावता भट्टी टर्बाइनच्या मागे मागे चालते. घडोघडी वेग बदलणाऱ्या युद्धनौकेला याहून सोयीचं काय?

सोडियमचं जहाज 'सीवुल्फ' झालंही. पण वाफयंत्राच्या नळ्यांना गळती लागली, आणि सोडियमची पाण्याशी गाठ पडली की भडकाच. त्यात सोडियम भट्टीतून फिरताना स्वतः किरणोत्सर्गी होतो. त्या किरणोत्सर्गी सोडियमचं अर्धायुष्य, म्हणजे तीव्रता निम्मी व्हायला लागणारा वेळ, साधारण 15 तास; म्हणजे तीव्रता हजारपटीने उतरायला सहा दिवसांच्या आसपास लागतात. तोवर दुरुस्तीला आत जाणं कठीण, आणि समुद्रात सहा दिवस थांबायला सवड कुणाला? ज्या भागातून गळत होतं तो बाजूला टाकून जहाज कमी शक्तीवर चालवलं आणि 1958 नंतर ती भट्टी काढून पाण्याची बसवली. सोडियमच्या बाजूने बोलणारे आजही म्हणतात की रिकोव्हरनी त्या तंत्राला पुरेसा वेळ दिला नाही. नागरी वापरापुरतं त्यात तथ्य असेलही. पाणबुडीसाठी मात्र त्यांचा निर्णय बरोबर होता असंच मला वाटतं.

इंधनावरच्या आवरणासाठी झिर्कोनियम हवा होता, कारण तो गंजाला दाद देत नाही आणि न्यूट्रॉन फारसे खात नाही. निसर्गात मात्र त्याच्यासोबत हॅफ्नियम असतो, जो न्यूट्रॉन गिळणारा. तो वेगळा काढल्याशिवाय झिर्कोनियम कामाचा नाही. असा शुद्ध धातू तेव्हा प्रयोगशाळेत थोडाथोडाच बनत होता. रिकोव्हरनी भट्टीचा आराखडा पुरा व्हायच्या आधीच धातूच्या उत्पादनाची सोय लावायला घेतली. आणि झिर्कोनियमातून काढून टाकलेल्या हॅफ्नियमचे काय केलं? नियंत्रण दांडे.

मग जमिनीवरची प्रतिकृती. आयडाहोच्या वाळवंटात आर्कोजवळ त्यांनी पाणबुडीच्या खऱ्या मापाचा तुकडा उभारला, त्याच्याभोवती पाण्याची टाकी बांधली आणि भट्टी, पंप, टर्बाइन सगळं पाणबुडीतल्याच दाटीत आत बसवलं. शास्त्रज्ञ म्हणत होते, आधी यंत्रं ऐसपैस मांडून नीट चालवू, मग आटोपशीर करू. रिकोव्हरनी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं असं की जागेची अडचण हाही आराखड्याचाच भाग आहे. व्हॉल्व्हला पाना लागत नाही हे जहाजात कळून उपयोग काय? ही प्रतिकृती मार्च 1953 मध्ये सुरू झाली. जूनमध्ये चोवीस तासांची चाचणी ठरली होती. ती संपत आल्यावर त्यांनी ती चालूच ठेवायला लावली, टेबलावर अटलांटिकचा नकाशा पसरला आणि जहाज कुठवर गेलं असतं ते त्यावर आखायला लावलं. मधे जनरेटरच्या ब्रशांची काजळी साठली, पंपाने कुरकुर केली, कंडेन्सरची नळी गेली. सगळे थांबा म्हणत असतानाही चार दिवस, म्हणजे जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागेपर्यंत, भट्टी चालली. त्यानंतर हे यंत्र चालतं की नाही यावर कुणी वाद घातला नाही. आपल्याकडेही 'अरिहंत' या अणुपाणबुडीच्या आधी कल्पक्कमला जमिनीवर प्रतिकृती चालवून घेतली, ती याच विचाराने.

रिकोव्हर म्हणजे काय हे एका प्रसंगात पाहायचं असेल तर मी 1954 चा सप्टेंबर सांगेन. जगातली पहिली अणुपाणबुडी 'नॉटिलस' ग्रोटनच्या गोदीत बंदराला बांधलेली, चाचण्या सुरू. वाफेचा एक लहानसा पाइप फुटला. माणसं थोडक्यात बचावली. तपासणीत निघालं ते असं: आराखड्यात सीमलेस, म्हणजे बिनसांध्याचा, पाइप होता, पण बसवला होता रेलिंगच्या खांबांना वापरतात तो, पत्रा वळवून उभा वेल्ड मारलेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, मापही तेच. वाफेचा दाब आला की वेल्डचा सांधा उसवतो. आता चुकीचे तुकडे आणखी कुठे कुठे गेलेत? गोदीतल्या नोंदींवरून सांगता येईना. बहुतेक कारखान्यांत इथे नमुना तपासणी होते, दहातला एक पाइप कापून पाहतात, आणि 'बाकी ठीक असावेत' असा शेरा पडतो. रिकोव्हरनी त्या मापाचा, ओळख न पटणारा सगळा पाइप काढून नवा बसवायला लावला. हजारो फूट पाइप, वर उष्णतारोधक लेप, तोही उखडायचा. जहाजाला उशीर झाला, वरिष्ठ चिडले. 17 जानेवारी 1955 ला 'नॉटिलस' अणुशक्तीवर निघाली.

यात आरडाओरड किती झाली असेल ते झालीच असेल, पण निर्णय ओरडण्यातून आला नव्हता. त्यांच्या हाताशी एक नियम होता: माल कुठून आला आणि कुठे बसला याचा कागद नसेल तर तो माल नापास, मग तो दिसायला कितीही चांगला असो. आज अणु किंवा विमान उद्योगात 'ट्रेसेबिलिटी' म्हणून जे रुळलं आहे ते नौदलात रुजवण्यात या माणसाचा वाटा मोठा.

रोजचं काम कसं चाले? त्यांच्या कार्यालयात दिवसभरात जे जे टाइप होई, पत्र असो, टिपण असो वा कच्चा मसुदा, त्याची गुलाबी कागदावरची कार्बन प्रत संध्याकाळी त्यांच्याकडे जाई. ते ती वाचत आणि शेरे मारून परत पाठवत. मसुदाही जात असल्यामुळे हाताखालच्यांची चूक वरिष्ठांनी गुळगुळीत करण्याआधीच त्यांच्या नजरेस पडे. प्रत्येक गोदीत आणि कंत्राटदाराकडे त्यांचा स्वतःचा प्रतिनिधी बसलेला असे आणि तो थेट त्यांना कळवी. भट्टी चालवणाऱ्या प्रत्येक जहाजाचा कप्तान भट्टीबद्दल परस्पर त्यांना लिही. नौदलाची नेहमीची उतरंड इथे बाजूला पडायची आणि फ्लीट कमांडर लोकांना ते खुपायचं, खुपणारच. आपल्या हुकमाखालच्या जहाजाबद्दल वॉशिंग्टनला आपल्याआधी कळतंय हे कुणाला आवडेल?

मुलाखती कुप्रसिद्ध आहेत. अणुशाखेत येऊ पाहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला तीन-चार इंजिनियर आधी तांत्रिक प्रश्नांनी धारेवर धरत, त्यांचे शेरे लिहून घेत, आणि मग तो रिकोव्हरांसमोर जाई. खुर्चीचे पुढचे पाय कापलेले, बसलेला माणूस पुढे घसरत राहणार. उत्तर आवडलं नाही तर बाहेर हाकलत, कुणाला तासन्तास अडगळीच्या खोलीत बसवून ठेवत. तीस-एक वर्षांत हजारो अधिकारी या खुर्चीवरून गेले. त्यांत जिमी कार्टर होते, आणि पुढे नौदलप्रमुख होऊन रिकोव्हरांचे कट्टर विरोधक ठरलेले एल्मो झुमवॉल्टही होते. समर्थकांचं म्हणणं असं की अणुभट्टीवर अलार्म वाजल्यावर माणूस गोंधळतो का, हे पाहायची हीच रीत. मला हे पटत नाही. माणूस पारखण्याचं काम आधीच्या तांत्रिक फेऱ्या आणि नंतरचं एक वर्षाचं शिक्षण (सहा महिने वर्गात, सहा महिने जमिनीवरच्या भट्टीवर) कितीतरी नेमकेपणाने करत होतं. खुर्चीमुळे फक्त एवढं कळायचं की अपमान झाल्यावर माणूस काय करतो. त्यात बुद्धिमान पण मानी माणसं गळाली असतील तर त्याची नोंद कुठे राहणार?

आता 'थ्रेशर'. रिकोव्हरांचे टीकाकार आणि समर्थक दोघेही हिचं नाव घेतात आणि दोघेही अर्धंच सांगतात. 10 एप्रिल 1963 ला केप कॉडच्या पूर्वेला खोल बुडीच्या चाचणीत ही पाणबुडी 129 माणसांसह गेली. चौकशी न्यायालयाचा अंदाज असा: इंजिनखोलीत समुद्राच्या पाण्याचा चांदीच्या झाळकामाचा एखादा सांधा सुटला, फवारा विजेच्या पॅनलवर गेला, भट्टी आपोआप बंद पडली, टाक्यांतलं पाणी हवेने बाहेर ढकलायला गेले तर तेही साधलं नाही. दुरुस्तीच्या काळात अल्ट्रासोनिक यंत्राने 145 सांधे तपासले होते आणि त्यातले सुमारे 14 टक्के कमी दर्जाचे निघाले होते. जहाजात असे सांधे हजारोंनी होते. पुढची तपासणी वेळापत्रकापायी सोडून दिली. पाइपच्या प्रसंगात रिकोव्हरनी जे केलं त्याच्या बरोबर उलट. पण हे सांधे त्यांच्या अखत्यारीत नव्हते. त्यांची हद्द भट्टी आणि तिचं यंत्र इथपर्यंत. त्यांच्या बाजूची काटेकोर पद्धत आणि भिंतीपलीकडची नेहमीची गोदी, दोन्ही एकाच जहाजात होतं.

हवेचा भाग समजून घ्यावा. दाबाखालची हवा एकदम मोकळी झाली की थंड होते. तिच्यातली वाफ गोठून दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हजवळच्या बारीक जाळीवर बर्फ जमतो आणि वाट बंद होते. नंतर 'टिनोसा' या त्याच वर्गाच्या पाणबुडीवर बंदरात करून पाहिलं तेव्हा जाळ्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास तुंबल्या.

आता टीकाकारांचा मुद्दा, आणि तो वजनदार आहे. भट्टी बंद पडली की वाफेचे मुख्य व्हॉल्व्ह लगेच मिटवायचे असा रिकोव्हरांच्या शाखेचा नियम होता. भट्टीतली उष्णता राखून ठेवायची, म्हणजे ती फार थंड होणार नाही आणि धातूवर ताण येणार नाही. भट्टीच्या दृष्टीने बरोबर. पण पाणबुडी खोलात असताना नुसती काही मिनिटांची वाफ, आहे त्या उष्णतेवर काढलेली, जहाज ढकलणाऱ्या पंख्याला मिळाली असती तर वर यायला आधार झाला असता. अपघातानंतर रिकोव्हरांच्याच कार्यालयाने नियम बदलला आणि भट्टी लवकर पुन्हा सुरू करण्याची पद्धत आणली. म्हणजे मूळ नियमात जहाजापेक्षा भट्टीचा विचार आधी झाला होता, हे कृतीने मान्य झालं. ध्वनिनोंदींचा अभ्यास करणाऱ्या काहींचं मत आहे की आधी पाणी शिरलंच नाही, विजेच्या बिघाडाने भट्टी पडली. तसं असेल तर हा मुद्दा आणखी जड होतो.

अपघातानंतर बाकी पाणबुडीसाठीही 'सबसेफ' नावाची व्यवस्था आली: समुद्राचा दाब सोसणाऱ्या प्रत्येक सांध्याचा कागद, चाचणीचा पुरावा, स्वतंत्र तपासनीस. एका अर्थाने रिकोव्हरांची रीत भिंतीपलीकडे गेली. त्यानंतर अमेरिकेने गमावलेली एकच पाणबुडी, 1968 ची 'स्कॉर्पियन', आणि तिच्यावर सबसेफचं काम पुरं झालेलं नव्हतं.

दुसरं उदाहरण जमिनीवरचं आहे. 28 मार्च 1979, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. नियंत्रणकक्षातले कर्मचारी नौदलाच्या अणुशाखेत तयार झालेले होते. दाब सांभाळणाऱ्या टाकीवरचा व्हॉल्व्ह उघडा अडकला आणि पाणी वाया जाऊ लागलं. पण त्या टाकीची पातळी मात्र चढती दिसत होती. टाकी पूर्ण भरली की वरचा वाफेचा बुडबुडा जातो आणि दाबावरचा ताबा सुटतो, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणून त्यांनी आपत्कालीन पाणीच कमी केलं आणि गाभा उघडा पडून त्याचा मोठा भाग वितळला. पाणबुडीच्या छोट्या भट्टीत ही भीती रास्त, कारण बंद केल्यावर उरणारी उष्णता तिथे थोडी असते. थ्री माइल आयलंडची भट्टी 2700 मेगावॉटहून जास्त औष्णिक शक्तीची. बंद केल्या क्षणी त्यातले सहा-सात टक्के उरतात, म्हणजे दोनशे मेगावॉटच्या घरात. कडक शिक्षणाचीच ही दुसरी बाजू: सवय पक्की होते आणि ती ज्या यंत्रासाठी केली तेच समोर आहे का, हे मन विचारत नाही. अपघातानंतर काँग्रेसपुढे (अमेरिकेच्या संसदेपुढे) साक्ष देताना रिकोव्हरनी आपली सूत्रं मांडली आणि ती एकेकटी उचलून चालणार नाहीत, सगळी मिळून घ्यावी लागतात, यावर भर दिला. ते खरंच आहे.

आता तिसरी गोष्ट, जहाजांची निवड. 1951 आणि 1952 मध्ये बढती मंडळाने त्यांना रिअर ॲडमिरल केलं नाही. नियमाने घरी जायची वेळ आली. तेव्हा सिनेटर हेन्री जॅक्सन आणि इतर लोकप्रतिनिधींनी दबाव आणला आणि 1953 मध्ये बढती मिळाली. 1958 मध्ये 'नॉटिलस' उत्तर ध्रुवाखालून गेली, व्हाइट हाउसमध्ये सत्कार झाला आणि रिकोव्हरांना आमंत्रणच नव्हतं. वर्तमानपत्रांनी गिल्ला केला आणि त्याच वर्षी ते व्हाइस ॲडमिरल झाले. यातून ते पक्कं शिकले: नौदल नडलं तर काँग्रेसकडे जायचं. वयाची मर्यादा उलटल्यावरही दर दोन वर्षांनी मुदतवाढ मिळत राहिली, आणि 1973 मध्ये ते पूर्ण ॲडमिरल झाले.

या ताकदीचा वापर कुठे झाला ते पाहा. 1970 ते 74 नौदलप्रमुख असलेल्या झुमवॉल्ट यांना थोडी महागडी आणि पुष्कळ स्वस्त जहाजं हवी होती, कारण दुसऱ्या महायुद्धातली जहाजं भराभर निवृत्त होत होती. रिकोव्हरांना विमानवाहू जहाजांसोबतची लढाऊ जहाजंही अणुशक्तीवरच हवी होती. 1974 मध्ये काँग्रेसने तसा कायदाच केला. एकूण नऊ अणुक्रूझर झाल्या. खर्च आणि मनुष्यबळ परवडेना म्हणून विसावं शतक संपायच्या आत सगळ्या निवृत्त झाल्या, बऱ्याचशा आयुष्य शिल्लक असतानाच. इथे झुमवॉल्ट बरोबर होते, माझ्या मते निर्विवाद. विमानवाहू जहाजांच्या बाबतीत मात्र रिकोव्हरांचा आग्रह टिकला.

'लॉस एंजेलिस' वर्गाच्या पाणबुड्यांबद्दल मत इतकं सरळ देता येत नाही. वेग वाढवण्यासाठी त्यांनी पृष्ठभागावरच्या जहाजांच्या भट्टीवरून बेतलेली मोठी भट्टी पुढे रेटली, तिच्या वजनाची भरपाई म्हणून सांगाडा हलका करावा लागला आणि बुडण्याची खोली आधीच्या वर्गापेक्षा कमी झाली. दुसरा, जास्त लवचीक आराखडा मांडणाऱ्या नौदलातल्या आराखडाकारांची डाळ शिजली नाही. तरीही या वर्गाच्या 62 पाणबुड्या झाल्या आणि शीतयुद्धाच्या शेवटी त्याच कण्यासारख्या होत्या. डिझेल-विजेच्या पाणबुड्या अमेरिकेने पूर्ण सोडल्या, त्यातही त्यांचा हात. उथळ समुद्रात शांत आणि स्वस्त डिझेल पाणबुडीचं मोल वेगळंच असतं. आपल्या माझगाव डॉकने बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहाही पाणबुड्या डिझेल-विजेच्याच आहेत.

कप्तान कसा असावा यावरही मतभेद आहे. अमेरिकेत पाणबुडीचा कप्तान आधी अणुइंजिनियर असतो. ब्रिटनने 1958 च्या करारानंतर 'ड्रेडनॉट' साठी अमेरिकी भट्टी घेतली, पण माणसांची विभागणी आपली ठेवली: इंजिनियर वेगळा, लढणारा कप्तान वेगळा, आणि कप्तानासाठी अतिशय कठीण स्वतंत्र परीक्षा. अमेरिकी कप्तानांचं निम्मं लक्ष भट्टीच्या तपासणीत जातं आणि डावपेच मागे पडतात, ही तक्रार जुनी आहे. भट्ट्यांच्या बाबतीत ब्रिटिशांचंही काही मोठं बिघडलं नाही, हे ध्यानात घेतलं तर तक्रारीत दम आहे.

शेवटची वर्षं भूषणावह नाहीत. 1981 मध्ये 'ला होया' पाणबुडीच्या सागरी चाचणीत पूर्ण वेगातून उलट मार देण्याच्या प्रयोगात जहाज मागे सरकत शेपटीकडून खाली गेलं, ताबा काही काळ सुटला. रिकोव्हर तेव्हा जहाजावर होते. नौदलमंत्री जॉन लेमन यांनी जानेवारी 1982 च्या अखेरीस त्यांना निवृत्त केलं. वय 82, सेवा 63 वर्षं. पुढे जनरल डायनॅमिक्स या पाणबुडी बांधणाऱ्या कंपनीकडून त्यांनी सोळा वर्षांत सुमारे 67 हजार डॉलरच्या भेटवस्तू घेतल्याचं उघड झालं आणि 1985 मध्ये लेमन यांनी लेखी ठपका ठेवला. याच कंपनीच्या निकृष्ट वेल्डिंगवर आणि फुगवलेल्या दाव्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं रान उठवलं होतं, त्यामुळे भेटींनी त्यांचं मत विकत घेतलं असं दिसत नाही. पण दुसऱ्याच्या एका चुकीच्या पाइपासाठी अख्खं जहाज उकलणाऱ्याने हे करावं, हे समर्थकांनाही गिळता येत नाही.

ते गेल्यावर अमेरिकी सरकारने काय ठेवलं आणि काय बदललं, हा मला सगळ्यांत विश्वासार्ह निकाल वाटतो. 1 फेब्रुवारी 1982 च्या अध्यक्षीय आदेशाने दोन टोप्यांची व्यवस्था कायम केली, भट्टीच्या जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतची जबाबदारी एकाच पदाकडे ठेवली आणि त्या पदाला आठ वर्षांची मुदत घातली. पद्धत ठेवली, माणूस कायमचा चिकटणार नाही याची सोय केली.

तुमच्या कारखान्यापुरतं बोलायचं तर घेण्यासारखी आणि उद्यापासून करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे थेट पत्र. प्रत्येक विभागप्रमुखाने दर आठवड्याला एक पान, स्वतः लिहिलेलं. त्यात तीनच गोष्टी: काय बिघडलं किंवा बिघडायच्या बेतात आहे, त्यावर मी काय करतोय, आणि कधीपर्यंत. 'सर्व सुरळीत' असं पत्र आलं तर ते परत पाठवायचं. पत्र मधल्या साहेबाच्या हातून जाता कामा नये, प्रत त्याला दिली तरी चालेल. आणि वाचणाऱ्याने दोन दिवसांत उत्तर द्यायचं, तांत्रिक उत्तर. हे उत्तर देण्याइतकं यंत्र स्वतःला कळत नसेल तर आधी ते शिकून घ्यावं, नाहीतर महिनाभरात पत्रं नुसती उपचारापुरती येऊ लागतील. वाईट बातमी लिहिणाऱ्याला पहिल्याच पत्रावर झापलं तर तेवढाही वेळ लागणार नाही. रिकोव्हरांना झापूनही बातम्या मिळत राहिल्या, कारण त्यांचे प्रतिनिधी जागोजागी बसलेले होते आणि लपवलेलं दुसऱ्या वाटेने कळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्याकडे ती दुसरी वाट बहुधा नसेल.